स्कॅनच्या निमित्ताने विडी सुटावी म्हणून

फुप्फुसाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यायला आलेला मनुष्य त्या दिवशी सकाळपासून आपल्या विडीचाच विचार करत असतो. तो हे बोलून दाखवत नाही, कारण बहुधा मुलाने किंवा सुनेने त्याला आग्रहाने आणलेले असते आणि रिक्षातून उतरण्यापूर्वीच त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागलेले असतात. नंबर लागायला अर्धा तास आहे असे कळले की तो ‘जरा आलोच’ म्हणून समोरच्या गुमटीकडे जातो. इंदूरमध्ये पानाच्या टपरीला आपण मराठी घरांतही गुमटीच म्हणतो, आणि शहरातल्या कुठल्याही तपासणी केंद्राच्या दारापासून ती फार लांब नसते. पुढे स्कॅन होतो, फाइल हातात येते आणि सगळे घरी परततात. या संपूर्ण भेटीत विडीबद्दल कोणी बोललेच, तर ‘काका, आता सोडा हो’ यापलीकडे सहसा जात नाही.

हा लेख त्या अर्ध्या तासाविषयी आणि त्यानंतरच्या वर्षाविषयी आहे. तो तपासणी केंद्रातील परिचारिका, स्वागतकक्षातील कर्मचारी, तंत्रज्ञ आणि शिबिरांत काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिला आहे. रामबाग, लोकमान्यनगर किंवा सुदामानगरातल्या ज्या घरातून असा मनुष्य तपासणीला जाणार आहे, त्या घरातल्या माणसांनाही तो उपयोगी पडावा.

स्कॅन आणि व्यसनमुक्ती ही दोन वेगळी कामे आहेत असे मानणे चुकीचे का, हे आधी आकड्यांतून पाहू. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने, म्हणजे क्ष-किरणांची मात्रा कमी ठेवून छातीची थरांथरांनी चित्रे घेणाऱ्या तपासणीने, दरवर्षी तपासलेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, छातीच्या एक्स-रेने तपासलेल्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी होते. याच चाचणीतील लोकांचा पुढे धूम्रपानाच्या अंगाने अभ्यास झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. एक्स-रेच्या गटातील ज्यांनी सात वर्षे धूम्रपान पूर्ण बंद ठेवले होते, त्यांच्यातही हे मृत्यू जवळजवळ तितकेच, म्हणजे २० टक्क्यांनी कमी आढळले. आणि स्कॅनची जोड असलेल्या, पंधरा वर्षे धूम्रपानापासून दूर राहिलेल्या लोकांत ही घट ३८ टक्क्यांपर्यंत गेली. ज्या केंद्रात यंत्र आहे पण विडी सोडवणारे माणूस नाही, ते केंद्र आपले निम्मे काम करत आहे, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

तपासणी कोणासाठी आहे, हे आधी नीट समजून घ्यावे

लक्षणे नसलेल्या, पण धोका जास्त असलेल्या माणसाची ठरावीक अंतराने केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. ज्याच्या थुंकीतून रक्त पडते, ज्याचे वजन कारणाशिवाय उतरत आहे, ज्याचा आवाज बसून आठवडे झाले आहेत, त्याला स्क्रीनिंगच्या रांगेत बसवू नये. त्याने सरळ छातीच्या डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्याची आपल्या देशात क्षयरोगासाठी तपासणी आधी व्हायला हवी. जुना गिरणी कामगार असेल तर घरचे लोक खोकल्याचे खापर कापसाच्या धुळीवर फोडतात आणि गप्प बसतात, हेही मालवा मिल आणि परदेशीपुरा भागात अनेकदा ऐकायला मिळते. धुळीने खोकला होतो हे खरे असले, तरी तेवढ्यावर तपासणी टाळता येत नाही.

अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीनुसार ५० ते ८० वयाच्या, २० ‘पॅक-वर्षे’ (दिवसाला २० सिगारेटी एक वर्ष ओढल्या की एक पॅक-वर्ष) किंवा अधिक धूम्रपान केलेल्या आणि अजूनही ओढणाऱ्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडलेल्या माणसाने दरवर्षी हा स्कॅन करावा. भारतात मात्र फुप्फुसाच्या कर्करोगासाठी राष्ट्रीय पातळीवरचा स्क्रीनिंग कार्यक्रम नाही. सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो. त्यामुळे इथे हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण मिळून घेतात. आपल्याकडे क्षयरोगाचे जुने व्रण अनेकांच्या फुप्फुसात असतात आणि स्कॅनमध्ये ते गाठीसारखे दिसू शकतात, ही गोष्टही त्या निर्णयात धरावी लागते. अमेरिकेतल्या चाचणीतसुद्धा स्कॅनमध्ये संशयास्पद वाटलेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निकाल शेवटी कर्करोगाचे नव्हते. हे रुग्णाला आधीच सांगितलेले असले, तर पुढे ‘गाठ दिसते’ हे शब्द ऐकल्यावर तो कोसळत नाही. शिबिरात छातीचा फुकट एक्स-रे काढून ‘कर्करोगाची तपासणी झाली’ असे सांगणे तर सर्वथा चूक आहे, कारण दरवर्षी एक्स-रे काढल्याने या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत, हे दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे.

पहिली पायरी: किती ओढतात हे न दुखावता विचारणे

‘तुम्ही धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला साठीच्या माणसाचे उत्तर बहुधा ‘आता फारशी नाही’ असे असते. त्यापेक्षा ‘काका, विडी की सिगारेट? एक बंडल किती दिवस पुरतं?’ असे विचारले की उत्तर आपोआप खरे येते, कारण त्यात आरोप नसतो आणि बंडलाचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. बंडलात विड्या किती, हेही विचारून घ्यावे. सगळ्या बंडलांत सारख्या नसतात. वर्षे मोजताना ‘कधीपासून?’ असे न विचारता ‘लग्नाच्या आधीपासून की नंतर?’, ‘गिरणीत लागलात तेव्हा ओढत होतात का?’ असे आयुष्यातले टप्पे धरून विचारावे.

पॅक-वर्षांचा हिशेब सोपा आहे: दिवसाच्या सिगारेटींना २० ने भागावे आणि आलेल्या आकड्याला वर्षांनी गुणावे. आपल्याकडचे डॉक्टर बऱ्याचदा याहून सोपा ‘धूम्रपान निर्देशांक’ लिहितात, ज्यात दिवसाची संख्या थेट वर्षांनी गुणली जाते. दिवसाला १५ विड्या ३० वर्षे ओढणाऱ्याचा निर्देशांक ४५० येतो, आणि ३०० च्या पुढे गेलेल्याला जास्त ओढणारा मानतात. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते म्हणून ती सौम्य, हा समज आपल्या प्रदेशात फार खोल रुजलेला आहे. आपले राज्य तेंदूपत्त्याच्या उत्पादनात देशात आघाडीवर असल्यामुळे विडी इथे घरचीच वस्तू वाटते, त्याचाही हा परिणाम असावा. प्रत्यक्षात तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे हवा आत घेत नाही, ओढली नाही तर विडी विझते, म्हणून माणूस झुरके जास्त आणि खोल घेतो आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड त्याच्या छातीत भरपूर जातात.

याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारून घ्यावेत. पहिला, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली विडी लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची ओढ जोरदार आहे आणि पाच मिनिटांत लागत असेल तर फारच, असे समजावे. औषधाची मात्रा याच उत्तरावर ठरते. दुसरा, तोंडात काही धरता का? मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-चुना चालूच आहे आणि विडी सोडताना तंबाखूची चिमूट वाढवणारे लोक कमी नाहीत. बायकांना हे प्रश्न विचारायचे राहून जातात. आपल्या घरांत मिश्री लावणाऱ्या आज्या अजून आहेत आणि विडी ओढणाऱ्या बायका सगळ्यांसमोर ते कबूल करत नाहीत, म्हणून त्यांच्याशी सुनेला आणि मुलाला बाहेर बसवूनच बोलावे.

दुसरी पायरी: मदत ‘हवी का’ असे विचारू नये, ती द्यावी

माझ्या मते या संपूर्ण कामात सर्वांत मोठा फरक या एका गोष्टीने पडतो. ‘तुम्हाला विडी सोडण्यासाठी सल्ला हवा आहे का?’ या प्रश्नाला शिष्टाचाराचे उत्तर ‘नको, बघू’ हेच असते. त्याऐवजी स्वागतकक्षातूनच ‘काका, स्कॅन झाला की आत ताईंना पाच मिनिटं भेटून जा, त्या सगळ्यांनाच भेटतात’ असे सांगितले तर बहुतेक लोक भेटतात. ज्याला खरोखर नको असेल तो नाही म्हणेलच, आणि त्याचा तो अधिकार आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात फिरत्या स्कॅन-गाड्यांजवळच धूम्रपान सोडवणारे सल्लागार बसवले गेले. आपल्याकडच्या केंद्रात त्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि दार लागणारी खोली पुरते.

त्या भेटीत सांगायची गोष्ट तीन वाक्यांत बसते: विडी पूर्ण बंद करणे हे तुमच्या फुप्फुसांसाठी आज सर्वांत उपयोगाचे काम आहे, ते केवळ मनाच्या जोरावर करण्यापेक्षा औषध आणि आधार दोन्ही घेऊन केले तर यश मिळण्याची शक्यता बरीच वाढते, आणि ते दोन्ही मी तुम्हाला आत्ता देऊ शकते. ‘सोडा’ असे सांगण्यापेक्षा ‘सोडवायला मी मदत करते’ असे सांगितल्यावर जास्त लोक प्रयत्नाला लागतात.

भीती घालण्याचा मोह आवरावा. सुरुवातीच्या दिवसांत मी काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रे समोर ठेवत असे. एका गृहस्थांनी ती शांतपणे पाहिली, मला नमस्कार केला आणि पुढच्या तपासणीला ते आलेच नाहीत. स्कॅनला आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो आणि त्या भीतीला आणखी भीतीची जोड दिली की तो तपासणीपासूनच लांब पळतो. पैशांचा हिशेबही विडीच्या बाबतीत फारसा चालत नाही, कारण विडी स्वस्त आहे. त्यापेक्षा तो जिना चढताना कुठल्या पायरीवर थांबतो, नातवाला घेऊन राजवाड्यापर्यंत चालत जाता येते का, हे विचारले की तो स्वतःच बोलू लागतो. ‘आता साठीत सोडून काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र आकड्यात द्यावे. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही आयुष्याची सुमारे तीन वर्षे परत मिळाली होती, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा.

तिसरी पायरी: दिवस ठरवणे, औषध निवडणे

सोडण्याचा दिवस पुढच्या दोन आठवड्यांतला असावा. आपली माणसे मुहूर्त पाहतात, आणि त्यात काही वावगे नाही. एकादशी किंवा संकष्टी दोन आठवड्यांच्या आत येत असेल तर ती जरूर धरावी. पण स्कॅन श्रावणात आणि मुहूर्त गुढीपाडव्याचा, असे असेल तर तो नकार आहे असे समजावे आणि हसून पुन्हा तारीख मागावी. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या (चित्ररथ) पाहत जागायचे असेल किंवा घरात लग्न असेल, तर तो आठवडा टाळावा. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री घरातली बंडले, काड्यापेट्या, ॲशट्रे, स्कूटरच्या डिकीतली आणि गच्चीवरच्या कुंडीमागची राखीव विडी, सगळे काढून टाकावे. गच्चीवरची विडी घरातल्या बाईला नेहमी ठाऊक असते.

औषधांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज आहेत. कर्करोग होतो तो प्रामुख्याने धुरातल्या इतर द्रव्यांमुळे. निकोटिन सवय लावते. म्हणून काही आठवडे धुराशिवाय निकोटिन देऊन ती ओढ हळूहळू उतरवायची, हे च्युइंगगम आणि त्वचेवरच्या पट्टीमागचे तत्त्व आहे. ‘एक व्यसन सोडून दुसरं कशाला?’ असे विचारणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगावे.

निकोटिनचा गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्याला सामान्यतः ४ मिलिग्रॅमचा लागतो, पण तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळला तर निकोटिन पोटात जाते, मळमळते, उचकी लागते आणि माणूस दुसऱ्या दिवशी पाकीट परत करतो. दहा-बारा वेळा सावकाश चावून, तोंडात तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की तो गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असे अर्धा तास करायचे असते. तंबाखूची चिमूट गालात धरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही, याची गंमत वाटते. गम खाण्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी किंवा लिंबाचे सरबत घेऊ नये, कारण त्या आंबटपणामुळे निकोटिन तोंडात शोषले जात नाही. इंदूरात, जिथे पोहे-जिलबीच्या पाठोपाठ चहा आणि चहाच्या पाठोपाठ विडी येते, तिथे ही सूचना दोनदा सांगावी. ओढ येण्याची वाट पाहू नये; पहिल्या काही आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक गम घ्यावा आणि मग हळूहळू कमी करावा.

पट्टी रोज सकाळी दंडावर किंवा पाठीवर, कोरड्या आणि केस नसलेल्या जागी लावायची आणि जागा रोज बदलायची. जास्त ओढणाऱ्याला डॉक्टर २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून १४ आणि ७ वर आणतात. पट्टी आणि वर ओढ आली की गम, ही जोडी एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. व्हॅरेनिक्लिन ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. ती सोडण्याच्या दिवसाआधी एक आठवडा सुरू करून, मात्रा वाढवत नेऊन बारा आठवडे घेतात, आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा कमी करावी लागते. ब्युप्रोपियॉनही वापरतात, पण फिट्स येणाऱ्याला ते देत नाहीत. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने यातले काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे तो पर्याय विचारात घ्यायचे कारण नाही.

एक गोष्ट केंद्रांत हमखास सुटते. धुरातली द्रव्ये यकृताला काही औषधे लवकर मोडायला लावतात. विडी बंद झाली की ती औषधे रक्तात जास्त साचू लागतात. दम्यासाठी किंवा जुन्या श्वासविकारासाठी थिओफिलिनच्या गोळ्या घेणारे आपल्याकडे भरपूर आहेत, आणि विडी सोडल्यावर त्यांना धडधड किंवा मळमळ सुरू झाली तर ते दोष विडी सोडण्याला देतात. गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत पाहून डॉक्टरांना कळवावे. इन्सुलिन घेणाऱ्याने साखरेवर लक्ष ठेवावे. चहा-कॉफीतले कॅफिनही असेच साचते; दिवसाला आठ कप पिणाऱ्याने ते चारवर आणले, तर निम्मी चिडचिड आणि निम्मी निद्रानाशाची तक्रार तिथेच संपते.

चौथी पायरी: पहिले दहा दिवस

त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो: चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे, लक्ष न लागणे. हे सगळे उतरणाऱ्या निकोटिनमुळे होते, हे त्याला आणि घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणते, ‘अहो, ओढा एक, पण अंगावर येऊ नका.’ ओढीची एक लाट काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पाणी पिणे, दहा सावकाश श्वास घेणे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकणे, उठून अंगणात फेरी मारणे, यातले जे जमेल ते करावे.

सकाळचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कोणी उघडपणे मांडत नाही: ‘विडीशिवाय पोट साफ होत नाही.’ यावर हसू नये. निकोटिन आतड्यांना चालना देते आणि ते बंद झाले की काही दिवस बद्धकोष्ठता खरोखरच होते. सकाळी कोमट पाणी, रात्री पाण्यातून इसबगोल, जेवणात भाकरी आणि पालेभाजी, आणि उठल्यावर दहा मिनिटे चालणे, एवढ्यावर ते दिवस निभावतात. माझ्या अनुभवात पहिल्याच आठवड्यात मागे फिरणाऱ्यांपैकी बरेच जण याच एका कारणाने फिरतात, आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

गुमटीची वाट बदलावी. संध्याकाळी ज्या मित्रांसोबत ओढली जाते, त्यांना स्वतः त्यानेच सांगावे की आठवडाभर मला देऊ नका. इंदूरचा ‘भिया, एक तो ले ले’ हा प्रेमाचा आग्रह मोडणे औषधाइतकेच अवघड असते. घरातल्या दुसऱ्या कोणी ओढत असेल तर त्याने निदान घरात ओढू नये, आणि दोघांनी एकाच दिवशी सोडले तर उत्तमच.

केंद्रातून पहिला फोन तिसऱ्या दिवशी जावा, दुसरा आठवड्याने, मग दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी. ‘ओढली का?’ असे विचारू नये. ‘सर्वांत कठीण वेळ कोणती गेली?’ असे विचारावे. फोन करायला माणूस नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जातो, आणि तिथले समुपदेशक हिंदीत व इतर भारतीय भाषांत बोलतात. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेश येऊ लागतात. नुसता क्रमांक कागदावर लिहून देऊ नये. आपल्या समोर, त्याच्याच फोनवरून पहिला कॉल लावून द्यावा.

केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र असेल तर ते फार उपयोगी पडते. स्कॅनमधला फरक दिसायला वर्षे लागतात, पण हा आकडा विडी थांबवल्यावर एक-दोन दिवसांतच खाली येतो, आणि आपल्या शरीरात काहीतरी सुधारले हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पुढचा आठवडा काढणे सोपे जाते. मात्र घरात चूल किंवा शेगडी पेटत असेल तर आकडा त्यामुळेही वर जातो, म्हणून खोटे बोलल्याचा संशय लगेच घेऊ नये.

पाचवी पायरी: निकालाचा दिवस

निकाल स्वच्छ आला की घरात पेढे वाटले जातात, आणि खरा धोका तिथेच असतो. ‘चाळीस वर्षं ओढली, काही झालं नाही’ हा निष्कर्ष माणूस स्वतःच काढतो आणि स्कॅनचा कागद त्याला विडीचा परवाना वाटू लागतो. अशा वेळी आनंदावर पाणी न टाकता सांगावे की हा कागद आजचा आहे. तो हृदयाबद्दल, मेंदूच्या झटक्याबद्दल किंवा पुढच्या वर्षाबद्दल काहीही हमी देत नाही, आणि सोडण्यासाठी याहून चांगली वेळ नाही, कारण आज वाचवण्यासारखे सगळे शिल्लक आहे. कर्करोग नसला तरी त्याच स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या विरलेल्या, पोकळ झालेल्या जागा किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना (कॅल्शियम) अनेकदा दिसतो. डॉक्टरांनी ते चित्र पडद्यावर दाखवून, स्वतःच्या आवाजात, न घाबरवता समजावले तर ते छापील चित्रांपेक्षा कितीतरी खोल पोहोचते, कारण ती छाती त्याची स्वतःची असते.

लहानशी गाठ दिसली आणि तिच्या आकारानुसार तीन किंवा सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगितला, तर मधला काळ सर्वांत कठीण जातो. झोप उडते आणि विडी वाढते. या माणसाला फोन आठवड्याला जावा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे त्याला पुन्हा सांगावे, पण ‘काही नसेलच’ असे आश्वासन देऊ नये.

आणि कर्करोग निघाला तर? घरातले सगळे म्हणतात, आता ओढू दे त्यांना, कशाला त्रास द्यायचा. हे प्रेमापोटी असते, पण चुकीचे आहे. निदानानंतर सोडणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंती कमी होतात, जखम चांगली भरते, किरणोपचार अधिक काम करतात आणि आयुष्य वाढते. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी विडी थांबलेली असावी. मात्र तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, ती कधी करायची हे सर्जन ठरवतात. या रुग्णाला ‘तुमच्यामुळेच झालं’ हे वाक्य घरातून, शेजारून किंवा केंद्रातून ऐकू येणार नाही याची काळजी घेणे हेही याच मदतीचा भाग आहे.

पुन्हा ओढली तर

एका लग्नात एक ओढली म्हणजे सगळे संपले, असे मानून माणूस संध्याकाळी बंडल विकत घेतो. त्याला सांगावे की ती एक विडी होती, सुटलेले दिवस तसेच मोजले जातील, औषध थांबवू नका आणि उद्या सकाळी मला फोन करा. पूर्ण परतलेल्यालाही रागावू नये. कायमचे सोडणाऱ्या बहुतेकांनी त्याआधी अनेकदा प्रयत्न केलेले असतात. मागच्या वेळी कुठे घसरले, सकाळच्या पोटाच्या तक्रारीत, मित्रांच्या आग्रहात की रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत, एवढेच शोधून पुढची तारीख घ्यावी आणि औषध बदलायचे का हे डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या वर्षीच्या स्कॅनसाठी नोंदवहीत नाव आणि तारखेशेजारी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: दिवसाला किती ओढत होते, सोडण्याचा दिवस कोणता होता, कोणते औषध किती आठवडे घेतले, आणि शेवटच्या फोनवर काय म्हणाले. ज्यांनी विडी सोडली आहे त्यांनाही बोलवावे. सोडले म्हणून तपासणीतून नाव कमी होईल अशी शंका काहींना असते, पण सोडल्यानंतरही पंधरा वर्षे तपासणी चालू ठेवण्याची शिफारस आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. आणि ज्याने त्या दिवशी ‘नको’ म्हटले होते, त्याच्या नावापुढे शेरा न मारता जागा कोरी ठेवावी. पुढच्या वर्षी तो येईल तेव्हा त्यालाही आत पाच मिनिटे ताईंकडे पाठवायचे आहे.